फुप्फुसाघाताचे पूर्वरूप : बायोमार्कर आणि क्रियाकाल

आपल्या संघटनेच्या बैठकांतून आणि चर्चासत्रांतून अलीकडे 'बायोमार्कर' हा शब्द वारंवार कानी पडतो. प्रकृतिपरीक्षणास बायोमार्कर हवा, आमदोषास बायोमार्कर हवा, शोधनकर्मापूर्वी व नंतर बायोमार्कर तपासले पाहिजेत, अशी मागणी तरुण वैद्य आग्रहाने मांडतात. रक्तातील एखाद्या द्रव्याचा आकडा दाखवल्यावाचून आपले म्हणणे कोणी ऐकून घेणार नाही, ही भावना त्यामागे आहे आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु आकडा मिळाला म्हणजे ज्ञान मिळाले, असे नव्हे. म्हणून ज्या क्षेत्रात असा आकडा मिळवण्याची धडपड जगातील उत्तमोत्तम प्रयोगशाळांतून अनेक वर्षे चालली आहे, त्या क्षेत्रात तिचे फलित काय, हे एकदा शांतपणे पाहावे असे आम्हांस वाटले. ते क्षेत्र म्हणजे अत्यवस्थ रुग्णांतील तीव्र फुप्फुसाघाताचे पूर्वानुमान.

वैद्याने या विषयावर का लिहावे, असे कोणी विचारील. याला दोन कारणे आहेत. पहिले शास्त्रीय आहे, आणि पूर्वरूपाचा विचार ज्याने अभ्यासला आहे त्याला ते पुढे आपोआप उमजेल. दुसरे व्यावहारिक आहे. या राज्यातील असंख्य खाजगी रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत पहाटे तीन वाजता जो जागा असतो, तो पुष्कळदा बी.ए.एम.एस. असतो. हे कोणाला भूषणावह वाटो वा खटको, वस्तुस्थिती तशी आहे. आम्हीही ऐन विशीत दोन वर्षे ते काम केले आहे, आणि त्या काळातील एक रात्र या लेखास कारणीभूत आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. १९६७ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथील वैद्यकांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात बारा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. कोणास अपघात झाला होता, कोणास विषाणुजन्य संसर्ग होता, कोणास स्वादुपिंडाचा दाह. मूळ व्याधी निरनिराळे, परंतु परिणाम एकच : श्वास वाढत गेला, प्राणवायू देऊनही रक्तात तो पुरेसा उतरेना, आणि क्ष-किरणचित्रात दोन्ही फुप्फुसे पांढरी दिसू लागली. यालाच पुढे अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम, म्हणजेच एआरडीएस, हे नाव मिळाले. फुप्फुसातील वायुकोष आणि त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्या यांच्यामध्ये अत्यंत पातळ असा दुहेरी पडदा असतो. एक बाजू रक्ताची, दुसरी हवेची. शरीरात अन्यत्र पेटलेल्या दाहामुळे किंवा फुप्फुसावरच झालेल्या आघातामुळे हा पडदा पाझरू लागतो, प्रथिनयुक्त द्रव वायुकोषांत शिरतो आणि जेथे हवा खेळावी तेथे पाणी साचते. हृदय दुर्बल झाल्याने साचणारे पाणी निराळे. हे पडदा फाटल्याने साचलेले पाणी आहे.

एकदा हा व्याधी पूर्णत्वास गेला की त्याच्यापुढे आधुनिक वैद्यकही नम्र होते. पन्नास देशांतील ४५९ अतिदक्षता विभागांचा एक मोठा अभ्यास 'लंग सेफ' या नावाने २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सौम्य प्रकारातही रुग्णालयीन मृत्यूचे प्रमाण सुमारे ३५ टक्के, तर तीव्र प्रकारात ४६ टक्के आढळले. महाश्वास, ऊर्ध्वश्वास व छिन्नश्वास यांची गणना चरकाचार्यांनी असाध्यात का केली असावी, हे ज्याने असा रुग्ण एकदा पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. मात्र महाश्वास म्हणजेच एआरडीएस, असे समीकरण आम्ही मांडत नाही. संहितेतील वर्णन लक्षणांवरून केलेले आहे आणि त्या लक्षणसमूहात अनेक आधुनिक व्याधी सामावू शकतात.

व्यक्तावस्थेत जो व्याधी इतका दुर्जय, त्याला आधीच ओळखावे, हा विचार ओघानेच आला. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ति आणि भेद असे सहा क्रियाकाल सांगितले. दोष प्रसर पावून जेथे खवैगुण्य असेल तेथे आश्रय घेतात, आणि त्या स्थानसंश्रयाच्या वेळी पूर्वरूपे प्रकटतात. आज अतिदक्षता विभागात फुप्फुसाघाताचे बायोमार्कर शोधणारा संशोधक नेमकी हीच वेळ पकडू पाहतो. दाह सर्व शरीरात पसरला आहे, फुप्फुसाचा पडदा नुकताच पाझरू लागला आहे, क्ष-किरणचित्र अद्याप बरेचसे स्वच्छ आहे. या घडीला रक्ताच्या थेंबात काही खूण सापडेल काय, हा त्याचा प्रश्न आहे. या प्रश्नाची जातकुळी आपलीच आहे, याचा आम्हांस मनापासून आनंद वाटतो.

खुणा सापडल्याही. केशवाहिनीच्या अंतःस्तराच्या पेशी उद्दीपित झाल्या की त्यांच्यात साठवलेले अँजिओपोएटिन-२ हे द्रव्य रक्तात येते व पडदा अधिकच सैल करते. वायुकोषांच्या अस्तरातील चपट्या पेशी दुखावल्या की 'रेज' नावाच्या ग्राहकाचा विद्राव्य अंश रक्तात वाढतो. त्याच अस्तरातील दुसऱ्या प्रकारच्या पेशींतून सर्फॅक्टंट प्रोटीन-डी गळते. दाहाचे दूत म्हणून इंटरल्यूकिन-६ व इंटरल्यूकिन-८ यांचे मापन होते. म्हणजे पडद्याच्या रक्ताकडील बाजूची एक खूण, हवेकडील बाजूची दुसरी, आणि दोहोंना जाळणाऱ्या अग्नीची तिसरी. यांपैकी अँजिओपोएटिन-२ आणि रेज यांचे पूर्वानुमानातील मूल्य अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. ते काम खरे आहे आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तरीही आज आपल्या ओळखीच्या कोणत्याही रुग्णालयात, फुप्फुसाघात होईल की नाही हे ठरवण्यासाठी, यांपैकी एकही चाचणी नित्याने केली जात नाही. असे का, याचा विचार बायोमार्करची मागणी करणाऱ्या आपल्या मित्रांनी अवश्य करावा.

पहिली अडचण विशिष्टतेची. इंटरल्यूकिन-६ कोणत्याही तीव्र संसर्गात वाढते. अँजिओपोएटिन-२ रक्तदोषात, म्हणजे सेप्सिसमध्ये, फुप्फुस शाबूत असतानाही वाढू शकते. जेथे सगळेच रुग्ण अत्यवस्थ आहेत, तेथे 'हा अत्यवस्थ आहे' एवढेच सांगणाऱ्या खुणेचा उपयोग काय?

दुसरी अडचण गणिताची आहे, आणि ती आपल्याकडे क्वचितच लक्षात घेतली जाते. २०११ साली 'लिप्स' या नावाने ओळखली जाणारी गुणपद्धती प्रसिद्ध झाली. तीत रक्तातील कोणतेही नवे द्रव्य नाही. संसर्ग, न्यूमोनिया, अन्नकण फुप्फुसात जाणे, आघात, मद्यपान, श्वासाची गती, प्राणवायूची गरज अशा गोष्टींना गुण देऊन बेरीज करायची. बावीस रुग्णालयांतील ५,५८४ जोखमीच्या रुग्णांपैकी केवळ ३७७ जणांना, म्हणजे शेकडा सातांहून कमी रुग्णांना, फुप्फुसाघात झाला. चारपेक्षा अधिक गुण मिळालेल्या शंभरांपैकी साधारण अठरांनाच व्याधी झाला, उरलेल्या ब्याऐंशींना झाला नाही. कमी गुण असणाऱ्यांपैकी मात्र सत्त्याण्णव टक्के त्यातून सुटले. अर्थात, 'याला होणार नाही' हे ती पद्धती छान सांगते, परंतु 'याला होणार' हे सांगताना पाचांतून चार वेळा चुकते. जो व्याधी मुळातच थोड्यांना होतो, त्याचे भाकीत करणाऱ्या प्रत्येक खुणेची हीच गत असते, मग ती खूण रक्तातील असो वा नाडीतील. या गुणांना अँजिओपोएटिन-२ ची जोड दिल्यास अनुमान सुधारते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. परंतु जोड दिल्यावर, हे ध्यानात घ्यावे. रुग्णाकडे पाहून केलेल्या बेरजेची जागा त्या द्रव्याने घेतली नाही.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर, आणि येथे सुश्रुताचार्यांचा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्यांनी 'क्रियाकाल' म्हटले, 'ज्ञानकाल' म्हटले नाही. ओळखून काय करावयाचे, हे ज्या अवस्थेत ठाऊक आहे तिलाच क्रियाकाल म्हणता येईल. 'लिप्स' पद्धतीने जोखमीचे रुग्ण निवडून त्यांना अ‍ॅस्पिरिन द्यावे, म्हणजे फुप्फुसाघात टळेल, या आशेने अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. अ‍ॅस्पिरिन घेतलेल्यांत १०.३ टक्के, न घेतलेल्यांत ८.७ टक्के रुग्णांना व्याधी झाला, म्हणजे लाभ काहीच नाही. जीवनसत्त्व-डी मोठ्या मात्रेत देऊन पाहिले, तेही २०१९ साली निष्फळ ठरले. आजपावेतो एआरडीएस निश्चितपणे टाळणारे एकही औषध सापडलेले नाही. ना त्यांच्याकडे, ना आपल्याकडे. आपल्या ज्या बांधवांना आपल्याकडे ते आहे असे वाटते, त्यांनी कृपया नोंदींसह पुढे यावे.

येथे एक विषयांतर करतो. २०१४ पासून काही संशोधकांनी एआरडीएसच्या रुग्णांचे रक्तातील निर्देशक व अन्य मोजमापे यांवरून दोन गट पाडले आहेत. एकात दाह प्रखर असतो, दुसऱ्यात मंद. पहिल्या गटात मृत्यू अधिक, आणि काही उपचारांना दोन्ही गट निरनिराळा प्रतिसाद देतात असे जुन्या प्रयोगांच्या फेरतपासणीत दिसले. हे वाचताच 'ही तर आमची पित्तप्रकृती आणि कफप्रकृती' असा लेख कोणीतरी लिहिणार, याची आम्हांस जवळजवळ खात्री आहे. तसे करू नये. प्रकृती जन्मजात असते, ही व्याधीची अवस्था आहे. तुलना करायचीच तर एकाच व्याधीच्या संप्राप्तिभेदाशी करावी आणि तेवढ्यावर थांबावे. मोह आम्हांलाही होतो. हिक्काश्वासाचे उद्भवस्थान चरकाचार्यांनी पित्तस्थान सांगितले आहे, आणि स्वादुपिंडाच्या दाहातून फुप्फुसाघात होतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मन उडी मारू पाहते. पण ती उडी मनाची, प्रमाणाची नव्हे.

आता त्या रात्रीविषयी.

साल २००५. एका शहरातील खाजगी रुग्णालयात आम्ही रात्रपाळीचे निवासी वैद्य होतो. अडतीस वर्षांचे एक गृहस्थ स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने दाखल झाले होते, दाखल झाल्याची दुसरी रात्र. रात्री दहा वाजता नाकातील नळीने दोन लिटर प्राणवायू चालू होता व सॅच्युरेशन ९६ होते. मध्यरात्री ते थोडे उतरले म्हणून आम्ही प्राणवायू चार लिटर केला, ९५ आले. पहाटे तीन वाजता पुन्हा उतरले, मुखवटा लावून आठ लिटर केला, पुन्हा ९५. तिन्ही वेळा आम्ही नोंदवहीत 'स्थिर' असे लिहिले. श्वासाची गती तिन्ही वेळा २० लिहिली. ती आम्ही मोजली नव्हती. मागच्या पाळीच्या रकान्यात २० होती, ती पुढे उतरवली. गृहस्थांची पत्नी बाहेरच्या बाकावर बसून होती. तिने चारच्या सुमारास आत येऊन विचारले, "डॉक्टर, हे बोलताना मध्येच थांबतात, असं का?" आम्ही तिला सांगितले, "अहो वहिनी, औषधाची गुंगी आहे, तुम्ही जरा पडा." सहा वाजता त्यांना एक वाक्य सलग बोलता येईना. क्ष-किरणचित्र काढले तेव्हा दोन्ही फुप्फुसे पांढरी होती. त्याच सकाळी त्यांना कृत्रिम श्वसनयंत्रावर घेतले. नवव्या दिवशी ते गेले.

पहाटे तीन वाजता आम्ही वरिष्ठांना उठवले असते तर ते वाचले असते, असा दावा आम्ही करत नाही. कदाचित नसतेही. परंतु तीन तास आधी चित्र निघाले असते, यंत्रावर घेणे धावपळीत झाले नसते, आणि घरच्यांना सकाळी एकाएकी आकाश कोसळल्यासारखे वाटले नसते. वरिष्ठांनी आम्हांस एका शब्दाने दूषण दिले नाही. नोंदवही पाहून ते इतकेच म्हणाले, "आकडा स्थिर होता, प्राणवायू स्थिर नव्हता."

त्या रात्रीचे गणित पुढे कितीतरी वर्षांनी आम्ही मांडून पाहिले. दोन लिटर प्राणवायूवर रुग्ण साधारण २८ टक्के प्राणवायू असलेली हवा घेतो. ९६ ला ०.२८ ने भागले तर ३४३ येते. चार लिटरवर हे प्रमाण साधारण ३६ टक्के. ९५ भागिले ०.३६, म्हणजे २६४. आठ लिटरच्या मुखवट्यावर ते ५५ टक्क्यांच्या आसपास धरले तर भागाकार १७३ येतो. ३४३, २६४, १७३. ज्याला आम्ही स्थिर म्हणत होतो तो पाच तासांत निम्म्यावर आला होता. २०२३ साली जाहीर झालेल्या एआरडीएसच्या जागतिक व्याख्येने रक्तवायूंच्या चाचणीऐवजी हाच भागाकार मान्य केला आहे. सॅच्युरेशन ९७ किंवा त्याखाली असताना तो ३१५ पर्यंत वा त्याखाली उतरला, आणि फुप्फुसचित्र व कारण जुळले, की संशय पक्का धरावा. म्हणजे आजच्या मोजमापाने मध्यरात्रीच सीमा ओलांडली गेली होती. त्यासाठी रक्ताचा थेंबही काढावा लागला नसता.

२०१३ साली याच विषयावर आणखी एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. छातीच्या चित्रात दोन्ही बाजूंस छाया असलेल्या २५६ रुग्णांचा त्यात समावेश होता. पुढे कोणाला यंत्रावर घ्यावे लागणार, हे सांगण्यास तीन गोष्टी पुरेशा ठरल्या : प्राणवायू किती लिटर लागतो, श्वास मिनिटाला तीस वा अधिक आहेत काय, आणि रुग्णाची व्याधिक्षमता आधीच क्षीण आहे काय. दोन वा अधिक गुण आल्यास पुढे बिघडणाऱ्या शंभरांपैकी एकोणनव्वद त्यात सापडले. ही संख्या पाहून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

कोविडच्या काळात हाच धडा सबंध समाजाने गिरवला, परंतु उलट बाजूने. २०२० आणि २०२१ या वर्षांत सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एचआरसीटी स्कोअर हे शब्द आमच्या गावच्या चावडीवर बोलले जात होते. लोक रुग्णाआधी अहवाल घेऊन येत. 'स्कोअर आठ आहे, काय करू?' असा दूरध्वनी येई, आणि 'दम किती लागतो?' असे आम्ही विचारले की पलीकडे क्षणभर शांतता पसरे, कारण कोणी पाहिलेले नसे. याच्या उलट, सर्व अहवाल बरे म्हणून घरी ठेवलेले एक वृद्ध आमच्या दवाखान्याच्या पायरीवर बसले, तेव्हा त्यांचे श्वास मिनिटाला चौतीस होते आणि ते हसून 'काही त्रास नाही' म्हणत होते. त्या दिवसांत आकडा वाढलेला दिसला की स्टेरॉईड सुरू करण्याची घाई पुष्कळ ठिकाणी झाली. आपल्यापैकीही काहींनी ती केली, हे लपवण्यात अर्थ नाही. जून २०२० मध्ये जाहीर झालेल्या इंग्लंडमधील 'रिकव्हरी' प्रयोगाने काय दाखवले होते? यंत्रावरील रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यूचे प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. प्राणवायूची गरजच नसलेल्यांत मात्र लाभ दिसला नाही. तेथे औषध घेतलेल्यांतील मृत्यू १७.८ टक्के, न घेतलेल्यांतील १४ टक्के होते. एकच औषध, एकच मात्रा. भेद क्रियाकालाचा. आणि तो काल ओळखण्याची खूण होती प्राणवायूची गरज, रक्तातील कोणतेही द्रव्य नव्हे. पुढे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने काय हाहाकार माजवला आणि त्यात मधुमेहासह स्टेरॉईडच्या अतिवापराचा वाटा किती होता, ते सर्वांच्या स्मरणात आहे.

मग फुप्फुसाघात टाळणे शक्यच नाही काय? शक्य आहे, आणि ते घडलेलेही आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड परगण्यात २००१ ते २००८ या आठ वर्षांत एआरडीएसचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. ही घट झाली ती रुग्णालयात दाखल झाल्यानंतर होणाऱ्या फुप्फुसाघातात. बाहेरून व्याधी घेऊन येणाऱ्यांचे प्रमाण तसेच राहिले. कोणतेही नवे औषध आले नव्हते, कोणताही बायोमार्कर वापरात नव्हता. यंत्राने दिला जाणारा श्वास लहान केला गेला, रक्त व रक्तद्रव देण्यात संयम आला, रक्तद्रवाच्या दात्यांची निवड बदलली, संसर्गावर लवकर उपचार होऊ लागले. आपल्या भाषेत याला एकच नाव आहे, निदानपरिवर्जन. लहान श्वासाचे महत्त्व २००० सालच्या प्रयोगाने सिद्ध केलेच होते : ८६१ रुग्णांत, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोस बारा मिलिलिटरऐवजी सहा मिलिलिटर श्वास दिल्याने मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या 'लंग सेफ' अभ्यासात, सोळा वर्षांनंतरही, एआरडीएसच्या रुग्णांपैकी केवळ साठ टक्क्यांतच वैद्यकांनी तो व्याधी ओळखला होता. चाळीस टक्क्यांत खुणा समोर होत्या, कोणी नाव घेतले नाही. जेथे व्यक्त झालेले रूपच ओळखले जात नाही, तेथे रक्तातील पूर्वरूपासाठी यंत्रे मागवण्याची घाई कशासाठी?

आमच्या मते आपल्या व्यवसायबंधूंसाठी विषय येथे येऊन ठेपतो. अतिदक्षता विभागात रात्रपाळी करणाऱ्या तरुण वैद्याने घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, आणि मागच्या रकान्यातून उतरवून तर मुळीच घेऊ नयेत. सॅच्युरेशन लिहिताना शेजारी प्राणवायूचे लिटर लिहावेत. लिटरांवाचून लिहिलेला आकडा अर्धसत्य आहे. बोटावरच्या यंत्रालाही मर्यादा आहेत. सावळ्या त्वचेत ते कधी कधी प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवते, असे २०२० साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांच्या अभ्यासात दिसले आहे, आणि आपल्या रुग्णांची त्वचा काही गोरी नाही.

आणि गावोगावी दवाखाना चालवणाऱ्यांसाठी थोडे अधिक सांगायला हवे. अमेरिकेतील संशोधनाचे रुग्ण प्रामुख्याने सेप्सिस, न्यूमोनिया व अपघात यांचे. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात राबणारा माणूस ताप, पोटऱ्यांतील असह्य वेदना आणि लाल डोळे घेऊन येतो तो लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो. विदर्भात झुडपांतील सूक्ष्म कीटकाच्या दंशाने होणारा स्क्रब टायफस आहे, मलेरिया सर्वत्र आहे. हे तिन्ही फुप्फुसावर उतरू शकतात. परदेशी रुग्णांवरून ठरवलेल्या बायोमार्करच्या सीमारेषा या रुग्णांना तशाच लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही. परंतु श्वासांची संख्या भातलावणी करणाऱ्यालाही तीच लागू आहे. तापाच्या अशा रुग्णाचे श्वास विश्रांतीतही चोवीसच्या वर जात असतील, तर काढ्याचे तीन दिवस मोजत बसू नये, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे. चिठ्ठीवर वेळ, श्वास, सॅच्युरेशन आणि दिलेला प्राणवायू, या चार गोष्टी लिहाव्यात. असा रुग्ण हातचा गेला म्हणून काही आपले वैद्यकत्व उणे होत नाही. साध्यासाध्यविवेकाचा उपदेश आपल्याच आचार्यांनी केला आहे. असाध्याला हात घालणाऱ्याचे अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असा इशाराही त्यांनी दिला आहे. आम्ही त्यात रुग्णाच्या प्राणांची भर घालतो.

आपल्या संस्थांतून संशोधन करणाऱ्यांना एक सूचना आहे. श्वासाची पूर्वरूपे म्हणून चरकाचार्यांनी आनाह, पार्श्वशूल, हृदयपीडा आणि प्राणाची विलोम गती ही लक्षणे सांगितली आहेत. अँजिओपोएटिनच्या महागड्या चाचण्यांसाठी अनुदान मागण्यापूर्वी ही चार लक्षणे तरी पारखून पाहावीत. जोखमीचा रुग्ण दाखल होताच कोणत्या लक्षणांची उपस्थिती आहे ते लिहावे, श्वास मोजून लिहावेत, तारीख घालून सही करावी, आणि तो कागद बंद पाकिटात ठेवावा. भाकीत आधी, निकाल नंतर. सात दिवसांनी फुप्फुसाचे काय झाले ते स्वतंत्र कागदावर दुसऱ्या वैद्याने नोंदवावे. दोनशे रुग्ण झाले की पाकिटे उघडावीत. श्वासांच्या संख्येपलीकडे ती चार लक्षणे काही अधिक सांगतात काय, हे तेव्हा कळेल. उत्तर 'नाही' असे आले तर तेही याच पानांवर, तितक्याच ठळक अक्षरांत छापले जावे, एवढी संपादकांना आमची विनंती आहे.

आमच्या तालुक्यातील दोन छोट्या रुग्णालयांत तिघा वैद्यमित्रांनी या आषाढापासून अशी नोंद ठेवण्यास आरंभ केला आहे. कागद साधा आहे, रकाने सहा. हे लिहीपर्यंत एकोणीस पाकिटे झाली आहेत. ज्या वैद्यबंधूंना आपल्या रुग्णालयात अशी नोंद सुरू करावयाची असेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर आमच्या नावे लिहावे; रकान्यांचा नमुना उलटटपाली पाठवू.